चौपन्न नंबरची झेंडी

खैराच्या तांड्याखाली तेल आहे, ही बातमी तांड्याच्या आधी गोरेगावच्या चहाच्या हॉटेलाला लागली. तिथून ती जीपमध्ये बसून तांड्यावर आली, आणि येईपर्यंत तेलाचं तळं झालं होतं. ज्या घरांत भाजीला गोडं तेल पळीच्या टोकानं सोडतात, त्या घरांतली माणसं ओट्यावर बसून अरबस्तानाच्या गप्पा हाणू लागली. डांबरी रस्ता होणार, पोरांना नोकऱ्या लागणार, दिवाळी झाली की काही घरांचं ऊसतोडीला जाणं बंद होणार. तांड्याच्या नायकाचा, प्रेमसिंगचा, पुतण्या रणजीत तर त्या दिवसापासून पँटीत शर्ट खोचून हिंडायला लागला. अजून नोकरीचा पत्ता नव्हता, पण शर्ट तयार होता.

कंपनीचं म्हणणं एवढं मोठं नव्हतंच. वरचा काळा खडक सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या खाली काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून पाहणी करायची. रानारानांतून सरळ रेघ आखायची, ठरावीक अंतरावर लाल झेंड्या रोवायच्या. प्रत्येक झेंडीच्या जागी खोल भोक पाडायचं, त्यात दारू भरून बार उडवायचा आणि जमीन कशी हादरली ते तारांनी टिपून घ्यायचं. त्यावरून खाली तेल-वायू आहे की नुसतेच दगड, हे लांबच्या शहरातले साहेब सांगणार. हे सगळं नायकाच्या ओसरीवर पुरुषांना नीट समजावून सांगितलं गेलं. बायांना बोलावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बायांना एवढंच कळलं, की कंपनीवाले रेघेनं बोअर घेऊन राहिलेत.

बेबीबाईलाही तेवढंच कळलं. ती त्या दिवशी कापूस वेचायला गेली होती. दिवस मावळता घरी आली तर नवरा नारिंगी जॅकेट घालून ओट्यावर बसलेला. भीमसिंगच्या अंगावर नवं कापड ती कितीतरी वर्षांनी बघत होती.

"हे काय?"

"काम लागलं. झेंड्या राखायच्या. गुरंढोरं, पोरं-सोरं, कोणी उपटू नये म्हणून."

"कुणी लावलं कामाला?"

"रामप्रसाद आलता. कागदावर सही घेतली."

"काय व्हतं कागदात?"

"रान कुठं, विहीर कुठं. असंच."

एवढं बोलून भीमसिंग जॅकेटाची चेन वर-खाली करत बसला. त्याच्या तोंडून एका दमात इतकं निघालं म्हणजे त्या दिवशी स्वारी खुशीतच म्हणायची. रामप्रसाद गोरेगावचाच गडी. कालपरवापर्यंत खताच्या दुकानात पोती उचलायचा, आता गळ्यात फोटोचं कार्ड अडकवून कंपनीचा परमिटवाला झाला होता. ज्याच्या रानातून रेघ जाणार त्याला गाठायचं, छापील फॉर्म भरायचा, सही घ्यायची, एवढं त्याचं काम. भीमसिंगच्या रानातून रेघ जाणार होती.

भीमसिंग काही जन्मापासून असा मुका नव्हता. होळीला तांड्यात लेंगी म्हणायला उभा राहिला की त्याच्या आवाजाला शेजारच्या तांड्यावरून साद यायची. तो गप्प झाला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या श्रावणात सोयाबीन खुरपताना त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, शितलला, पान लागलं, विषारी सापाचं. दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच तिनं आईच्या मांडीवर मान टाकली. सतरा वर्षांची होती. पुढच्या उन्हाळ्यात लग्न धरलं होतं.

लग्न न झालेलं माणूस तांड्यात जाळत नाहीत, मातीला देतात. पाऊस कोसळत होता, तांड्यातले गडी भीमसिंगच्या रानात बांधाच्या कडेला खड्डा खणत होते आणि कडा ढासळून माती परत आत पडत होती. तेव्हा शेजारच्या रानातून कादर आला. कादरचं रान भीमसिंगच्या बांधाला लागून, त्याच्या आजा-पणजापासूनचं. कब्रस्तानातला खड्डा कसा खणायचा, कड कशी धरायची, हे त्याला बराबर ठाऊक होतं. त्यानं सदरा काढला, फावडं हातात घेतलं आणि कोणाला काही न बोलता कमरेएवढा खड्डा एकट्यानं काढला. शितल तिथंच निजली. उशाला एक काळा दगड ठेवला.

त्या दिवसापासून भीमसिंगनं लेकीचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. बेबीबाई त्याला आधी 'शितलचे बा' म्हणून हाक मारायची. एकदा सवयीनं तोंडातून गेलं, तर तो ताटावरून उठून गेला आणि दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून ती नुसतं 'आवो' म्हणते. पण दरसाल नांगरटीला तो त्या जागेपाशी आला की बैलं वळवायचा. बाजेएवढी जमीन नऊ वर्षं त्यानं फाळाखाली येऊ दिली नव्हती. तिथं आता तरवडाचं झुडूप वाढलं होतं. बेबीबाई येता-जाता त्याला तांब्याभर पाणी घालायची. तेही चोरून, नवऱ्याची पाठ फिरली की.

माघ लागला आणि झेंड्या आल्या.

बेबीबाई त्या दुपारी भीमसिंगची भाकरी घेऊन निघाली होती. तो रेघेच्या पार त्या टोकाला, नाल्याच्या पलीकडं राखणीला होता. आपल्या हरभऱ्याच्या कडेनं येताना तिला तरवडाच्या खाली काहीतरी लाल फडफडताना दिसलं. ती जवळ गेली. उशाच्या दगडापासून हातभर अंतरावर झेंडी रोवलेली. काठीला पत्र्याची चकती, चकतीवर आकडा. बेबीबाई चौथीपर्यंत शिकली होती. चौपन्न.

तिनं भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं.

बोअरची गाडी तिनं पाहिलेली होती. गोरेगावच्या शाळेपाशी सरकारी बोअर घेतला तेव्हा सगळा तांडा बघायला गेला होता. ते लोखंड घरघरत आत जायचं आणि खाली जे काही असेल त्याचा भुगा करून वर फेकायचं. पांढरा फक भुगा. बघणाऱ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, पोरांच्या पापण्यांवर बसला होता तो. आता ते लोखंड इथं लागणार होतं. पुढचं चित्र बेबीबाईनं डोक्यात येऊच दिलं नाही.

कोणाला सांगावं? नवऱ्याला सांगायचं तर लेकीचं नाव घ्यावं लागणार. आणि त्याला तर झेंड्या राखायलाच बसवलेलं. कंपनीचा साहेब गाडीची काच वर करून हिंदीत फोनवर बोलत असायचा, त्याच्यापुढं ती काय उभी राहणार? रेघेवर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं, कंपनीची माणसं जेवायला गेली होती. बेबीबाईनं दोन्ही हातांनी झेंडी धरली आणि उपटली.

आता ती नेऊन लावायची कुठं? डावीकडं कादरची हळद होती, पानं वाळत आलेली, काढणीला झालेली. तिथं लावली तर ती बोअरची धूड गाडी सरींवरून जाणार, गड्डे चेंगरणार. ज्यानं आपल्या लेकराचा खड्डा खणला त्याच्या पिकात हे घालायचं? तिला ते पटलं नाही. उजवीकडं मुरमाड पड होती. पीक नाही, झाड नाही, घर नाही, लांबवर तेवढी तांड्याची विहीर. बोअरनं विहिरीचं काय बिघडतं? शाळेपाशीही हापसा आणि आड जवळजवळच होते. ती पडीतून चांगली लांब चालत गेली, झेंडी रोवली, पायानं माती दाबली, वाऱ्यानं पडू नये म्हणून बुडाला दगड लावले. चकतीवरची माती पदरानं पुसली. आपण कोणाचंच वाईट केलं नाही, उलट सगळ्यांचं राखलं, असं वाटून तिला बरं वाटलं. मग भाकरी घेऊन ती नाल्याकडं गेली.

तिसऱ्या दिवशी गाडीनं पडीत भोक पाडलं. चौथ्या दिवशी बार उडाले. एकामागून एक, लांबून जवळ येत गेले. बाया चुलीपाशी होत्या. आधीचे बार नुसते पायांना कळले, पण एक असा झाला की फळीवरची भांडी खाली आली आणि नायकाच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. रणजीत हसून म्हणाला, "निघालं वाटतं तेल!"

संध्याकाळी पाण्याला गेलेल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या.

ही विहीर तांड्याहून जुनी. मीठ आणि धान्य बैलांवर लादून मुलूखभर फिरणारे यांचे पूर्वज या विहिरीवर बैलांना पाणी पाजायचे. पुढं रेल्वे आली, लदेणी बुडाली, तेव्हा जनावरांना आणि माणसांना बारमाही पाणी मिळेल अशी जागा म्हणून ते इथंच थांबले. विहीर होती म्हणून तांडा झाला. बहात्तरच्या दुष्काळात आसपासची गावं इथलं पाणी भरून न्यायची, हे म्हातारी माणसं अजून छाती काढून सांगायची. त्या विहिरीची पडीकडची बाजू कोसळली होती. दगडांच्या ढिगात थोडा गाळ होता, तोही सकाळपर्यंत जिरला. झरा कुठं गेला ते खडकालाच माहीत. तांड्यातल्या पोरांनी जन्मात पहिल्यांदा विहिरीचा तळ पाहिला.

बेबीबाई काठावर उभी होती. आधी तिनं विहिरीत पाहिलं, मग पडीतल्या त्या भोकाकडं पाहिलं. जेमतेम तीस पावलं असतील. लांबवर वाटणारी विहीर मोजली तर इतकी जवळ होती. ती ढासळलेल्या कडेकडं एक पाऊल पुढं गेली. कोणीतरी तिला हाताला धरून खाली बसवलं. सगळ्यांना वाटलं, बाई विहिरीच्या दुःखानं घाबरली.

पहिले दोन दिवस कादरच्या विहिरीवरून तांड्यानं पाणी नेलं. खुर्शीदबी, कादरची बायको, स्वतः मोटार चालू करून देत होती. तिसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब आला. हातात फोनएवढं यंत्र घेऊन तो पडीत फिरला, भोकापाशी उभा राहिला आणि त्याचं तोंड बदललं. नायकाच्या ओसरीवर सगळा तांडा जमला. कादरही आला होता. रामप्रसादनं साहेबाचं म्हणणं मराठीतून सांगितलं. विहिरीपासून किती लांब भोक घ्यायचं याचा कंपनीचा कायदा आहे. झेंडी त्या कायद्यानंच लावली होती, चौपन्न नंबर, कादरच्या बांधाला लागून. भोक मात्र पडीत निघालं. झेंडी कोणीतरी हलवली आहे. कंपनीची चूक असती तर विहीर बांधून दिली असती, नळाची लाईन दिली असती. हलवाहलवी गावानं केली असेल तर कंपनी बांधील नाही.

रणजीत उठला.

"कादरच्या बांधाला लागून व्हती ना झेंडी? मंग यात इचारायचं काय? हळद काढणीला आली, गाडी घुसली असती आत. स्वतःचे गड्डे वाचवले आन् आमची विहीर मारली!"

सगळ्यांच्या माना कादरकडं वळल्या. तांड्याला शितलची जागा माहीत नव्हती असं नाही. पण दुसऱ्याचं दुःख माणूस किती वर्षं ध्यानात ठेवतो? त्या बांधापाशी तांड्याला आता हळदच दिसत होती.

"बोला की कादरभाई," नायक म्हणाला. "तुमी हलवली का?"

"मी न्हाई हलवली," कादर म्हणाला.

"मंग कोणी?"

कादर पायांतल्या चपलांकडं बघत राहिला. "मला काय सांगायचं न्हाई, नायक."

एवढ्यानं सगळं फिरलं. न सांगणाऱ्या माणसाला लोक गुन्हेगार ठरवतात, त्याला कोर्ट लागत नाही. नायकानं तिथल्या तिथं ठरवलं. कादरच्या विहिरीचं पाणी भरायचं नाही, गोरेगावहून टँकर आणायचा. कादरच्या रानात तांड्याची कोणी बाई हळद काढायला जाणार नाही, कोणी गडी शिजवायला जाणार नाही. आणि त्याची गाडी तांड्यातल्या वाटेनं जाणार नाही. दुसरी वाटच नव्हती. आणि दरसालची हळद तांड्याच्याच हातांनी निघायची, तांड्याच्याच माणसांनी कढईत शिजवायची, तेव्हा ती वसमतच्या बाजारात पोचायची. शेवटी कोणीतरी मागून एक शब्द टाकला, कादरच्या जातीवरून. इतक्या वर्षांत तो शब्द तांड्यात कोणी काढला नव्हता. नायकानं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

बेबीबाई बायांच्या घोळक्यात होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं कशाला सांगायचं, तिला भीती वाटली. सत्तर घरांचं पाणी तिच्या हातानं गेलं होतं, आणि हे ओसरीवर उभं राहून म्हणायला लागणारं काळीज तिला त्या दिवशी सापडलं नाही. तिनं भीमसिंगकडं पाहिलं. तो खांबाला टेकून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. अंगात ते नारिंगी जॅकेट नव्हतं. राखणदाराचं काम त्याच सकाळी गेलं होतं.

चार दिवस गेले. बांधावरून जाताना तिला रोज दिसायचं, कादर आणि खुर्शीदबी दोघंच हळदीत बसलेले. दोन एकर हळद, दोन म्हातारी माणसं आणि दोन कुदळी. पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही. ती बांध ओलांडून आत गेली. खुर्शीदबीनं तिला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. बेबीबाईनं तो घेतला नाही.

"कादरभाई, तुमाला ठाव हाय ना कोणी हलवली?"

कादरनं गड्ड्याची माती झाडली. "मी बांधावर जेवत व्हतो त्या दिवशी. तुमी पाह्यलं न्हाई मला."

"मंग काहून बोलले न्हाई? काहून एवढी तकलीफ घेऊन राहिले?"

"काय बोलू, भाभी? पोरीचा खड्डा मीच खोदला व्हता." तो पुढच्या सरीला सरकला. "तुमी न्हाई हलवली असती, तर मी हलवली असती. पण मी हळदीत आणून लावली असती. तेवढी माझी अक्कल चालली असती. मंग विहीर बी वाचली असती."

खुर्शीदबी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बस करा आता." बेबीबाईनं खाली बसून कुदळ घेतली आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्याबरोबर हळद काढली. रानातून घरी जाताना तिच्या हातांचा पिवळा रंग तांड्यानं पाहिला. कोणी काही विचारलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब शेवटचा कागद करायला आला. पुन्हा ओसरी भरली. कादरला बोलावलं होतं. नायक म्हणत होता, की कादरनं कबूल व्हावं, आपल्या रानातली अर्धी विहीर तांड्याच्या नावानं करून द्यावी, म्हणजे मिटलं. बेबीबाई बायांमधून उठली आणि पुढं आली. तांड्याच्या बैठकीत बाई पुढं येत नाही. ती आली.

"झेंडी मी हलवली."

नायकाला वाटलं, त्यानं चुकीचं ऐकलं. "काय?"

"मी हलवली. कादरभाईनं न्हाई. हळदीत लावली असती तर त्याचं नुकसान व्हतं म्हणून पडीत लावली. मला वाटलं नुसता बोअर हाय. दारू भरतेत हे मला कोणी सांगितलं न्हाई."

"पण काहून? तुला काय करायचं व्हतं त्या झेंडीशी?"

"तिथं माझी पोरगी हाय."

घोळक्यातल्या एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. तिला आठवलं. मग एकेकीला आठवत गेलं. रणजीतनं मान खाली घातली, कारण शितलच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत तोही होता.

साहेबानं रामप्रसादला काहीतरी विचारलं. रामप्रसादनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर थांबला. त्याला ते वाचायचं नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण साहेब बघत होता.

"'सदर जमिनीत देवस्थान, समाधी, कबर आहे काय?'" त्यानं वाचलं. "'नाही.' खाली सही. भीमसिंग."

साहेब वाईट माणूस नव्हता. तो हळू आवाजात हिंदीत म्हणाला, "लिखवाया होता, तो वो पॉइंट हम छोड़ देते. इतना ही करना था." मग त्यानं पेनाचं टोपण लावलं. तांड्याची मागणी तिथं संपली. गाडी धूळ उडवत गेली, आणि तेल, डांबरी रस्ता, नोकऱ्या सगळं त्या धुळीत मागं राहिलं.

घरी आल्यावर बेबीबाईनं चूल पेटवली नाही. ती नवऱ्यासमोर जाऊन बसली.

"न्हाई म्हणून लिहिलं तुमी?"

भीमसिंग भिंतीकडं बघत होता.

"चार लोकांत इचारलं त्यानं," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "चहा पित पित. कबर हाय का, म्हणे. माझ्या तोंडातून भाईर येईना. त्यानंच इचारलं, न्हाई लिहू का? मी मान हलवली." त्यानं नखानं भिंतीचा पोपडा काढला. "झेंडी मी बी पाह्यली व्हती. तिथं लावली तवाबी, आन् पडीत गेली तवाबी. ती दारूबी मला ठाव व्हती."

"मंग?"

"मंग काय. बोलावं लागलं असतं."

बेबीबाईला त्याला मारावंसं वाटलं, खरोखर हात उचलून मारावंसं. आणि त्याच वेळी तिला रडू कोसळलं, कारण तिलाही तेव्हा एका शब्दानं भागलं असतं. झेंडी उपटण्याआधी नाल्यापर्यंत जाऊन या माणसाला एक नाव ऐकवायचं होतं फक्त. दोघांनी मिळून विहीर मारली होती, तोंडातून चकार शब्द न काढता.

नायकानं कादरची माफी मागितली, तांड्याच्या बाया हळद काढायला गेल्या आणि वेळेत हळद वसमतला पोचली. पण कादर नंतर तांड्याच्या ओट्यावर बसायला कधी आला नाही. समोर भेटला की रामराम करायचा आणि पुढं जायचा. मागून आलेला तो एक शब्द त्यानं ऐकला होता. विहीर खाली खणून पाहिली, दोन परस खोल खडक फोडला, ओल लागली नाही. होळी त्या वर्षी लेंगीविना गेली. चैत्रापासून सत्तर घरं कादरच्या एका विहिरीवर आली. तिथं बेबीबाईची घागर कोणी हाकलली नाही, कोणी टाकून बोललं नाही. फक्त ती आली की पुढच्या बाया बोलायच्या थांबायच्या आणि तिचा नंबर आपोआप शेवटी जायचा. खुर्शीदबी मात्र तिची घागर भरेपर्यंत मोटार बंद न करता उभी राहायची. उन्हाळ्याच्या शेवटी नऊ घरं जनावरं विकून पुण्याकडं गेली ती परत आली नाहीत. त्यांत रणजीत होता. शर्ट खोचायची सवय मात्र कामाला आली म्हणे, कुठंतरी वॉचमन झाला.

पुढच्या पौषात रामप्रसाद पुन्हा आला. गळ्यात कार्ड तेच, काखेत फॉर्मांचा गठ्ठा नवा. कागदांवर काहीतरी बरं दिसलं होतं, तेल नाही तर वायू असेल, असं साहेबांचं म्हणणं. आता जुन्या रेघांच्या मध्ये नव्या रेघा, जास्त जवळजवळ. या वेळी त्याला कोणी चहा विचारला नाही. भीमसिंगच्या ओट्यावर तो अवघडून टेकला आणि मान वर न करता फॉर्म भरायला लागला. बेबीबाई दाराच्या आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"नाव तेच. गट नंबर तोच," रामप्रसाद पुटपुटला. "घर?"

"न्हाई रानात."

"विहीर?"

"व्हती."

रामप्रसादचं पेन जरा अडलं. मग त्यानं 'नाही' लिहिलं. पुढच्या ओळीवर आल्यावर मात्र त्याला वाचायचा धीर होईना. तो कागद भीमसिंगकडं फिरवून ओळीवर बोट ठेवून बसला. भीमसिंगला वाचता येत होतं. त्यानं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. दारात सूप धरून बसलेल्या बायकोकडं पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण तांड्याच्या त्या टोकापर्यंत जावा इतका मोठा निघाला. "लिव्ह. कबर हाय. माझ्या लेकीची. शितल. शितल भीमसिंग राठोड. सतरा वर्षांची व्हती."

"नावाला जागा नाही, काका," रामप्रसाद हळूच म्हणाला. "नुसतं आहे की नाही, एवढंच लिहायचं."

"तू लिव्ह," भीमसिंग म्हणाला. "जागा नसंल तर कडंला लिव्ह."

रामप्रसादनं कागदाच्या कडेला बारीक अक्षरांत नाव लिहिलं. आत बेबीबाईच्या मांडीवरचं सूप तिरकं होऊन तांदूळ जमिनीवर सांडले, आणि ते गोळा करायचं सोडून ती दहा वर्षांनी नवऱ्याला हाक मारत होती, "शितलचे बा... आवो, शितलचे बा..."